गुडघ्यांच्या नावाने धावणाऱ्यांना घाबरवू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की कमाटी बागेत धावणारे वाढतात, आणि त्यांना अडवणारेही. "काकू, या वयात धावता? गुडघ्याची गादी झिजेल!" असे बाकावरून कोणी ना कोणी ऐकवतेच. ऐकवणाऱ्यांचेच गुडघे बहुधा कुरकुरत असतात, ते असो.

गुडघा म्हणजे स्कूटरचा टायर नव्हे. हाडांच्या टोकांवरची ही गादी, म्हणजे कूर्चा, जिवंत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, पोषण मिळते ते सांध्यातल्या वंगणातून, आणि भार पडून उतरला की ते आत-बाहेर खेळते. मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडलेल्यांची कूर्चा बिनवापराने पातळ होते, हे एमआरआयमध्ये दिसले आहे.

अनेक अभ्यास एकत्र करून 2017 साली आकडे प्रसिद्ध झाले. खुब्याचा किंवा गुडघ्याचा संधिवात हौशी धावपटूंत 3.5 टक्के, न धावणाऱ्यांत 10.2 टक्के आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांत 13.3 टक्के. मी आयुष्यभर गणित शिकवले, त्यामुळे खोड जात नाही: ज्यांचे दुखले त्यांनी धावणेच सोडले, म्हणून हौशींचा आकडा इतका गोंडस दिसत असेल. तरी 'धावला की गुडघा गेला' हे गणित काही यातून सुटत नाही.

2009 साली काही धावपटू इटलीतल्या बारीपासून नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत 64 दिवसांत सुमारे 4,500 किलोमीटर धावले. ट्रकवर एमआरआय यंत्र त्यांच्याबरोबर फिरत होते. पहिल्या दीड ते अडीच हजार किलोमीटरांत कूर्चेत बिघाडाच्या खुणा दिसल्या, पण पुढे धावणे चालू असतानाच घोट्या-पावलांतली कूर्चा सावरू लागली. म्हणून उद्यापासून कोणी नवलखी मैदानावर रोज सत्तर किलोमीटर धावायला जाऊ नये!

खरी भीती वेगळीच आहे. वर्षभर खुर्चीत बसायचे आणि मॅरेथॉनला महिना उरला की एकदम दहा किलोमीटर. जुनी दुखापत असेल, लिगामेंट (हाडे जोडणारा पट्टा) किंवा मेनिस्कस (गुडघ्यातली चंद्रकोरी चकती) फाटलेला असेल, तर धोका आणखी वाढतो. कूर्चेला मज्जातंतूही नाहीत. ती स्वतः ओरडत नाही, आजूबाजूचे हाड आणि अस्तर दुखू लागते. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तर अंतर कमी करून डॉक्टरांना दाखवावे. वजनाचेही तसेच. लठ्ठ आणि संधिवात असलेल्या ज्येष्ठांवरच्या 2005 च्या अभ्यासात एक किलो वजन घटले की दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी झालेला आढळला. धावून झाल्यावर सेव-उसळीच्या गाडीवर दोन प्लेटा उडवणाऱ्या आमच्या मंडळींनी हे जरूर वाचावे.

आपल्याला एकच विनंती. मॅरेथॉन जवळ आली की बुटांच्या जाहिरातींशेजारी नवख्यांसाठी आठवड्यागणिक अंतर वाढवण्याचे एक कोष्टक छापा, तेही तीन महिने आधी.

— एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, बडोदे