आमच्या ब्रेकवाल्या काकूंना जाहीर थँक्यू

काकू, नमस्कार.

तुम्हाला समोरासमोर थँक्यू म्हणायला गेलो की तुम्ही लगेच विषय बदलता, "ते राहू दे, पेडल किती खाली जातंय ते सांग" म्हणता, मागच्या दोन-तीन वेळेला असंच झालं, म्हणून शेवटी इथे सगळ्यांसमोर लिहायला बसलोय. आता मध्ये कोणी थांबवणार नाही. लांबेल थोडं, पण वाचा.

तुम्ही पहिल्यांदा गॅरेजच्या दारात उभ्या राहिलात तो दिवस मला नीट आठवतोय. १९६५ ची फोर्ड एफ-१०० पिकअप, बावीस वर्षं एका शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी, चारही टायर बसलेले, दारांचे खालचे पत्रे सडलेले, सीटमध्ये उंदरांची घरटी, आणि मी बॉनेट उघडून त्या सहा सिलिंडरच्या लांबलचक इंजिनाकडे बघत उभा. डोक्यात एकच, हे इंजिन कधी सुरू होतंय. तुम्ही बॉनेटकडे बघितलंही नाहीत. सरळ मागच्या चाकापाशी बसलात, आतल्या बाजूने बोट फिरवलंत, बोटावरचा काळा चिकट थर बघितलात आणि विचारलंत, "थांबते का?" मी म्हटलं काकू अजून सुरूच नाही झाली. तर म्हणालात, "होईल ना सुरू. तेव्हा थांबेल का ते विचारतेय."

तोपर्यंत मला माहितीच नव्हतं की तुम्ही अठ्ठावीस वर्षं ट्रकच्या वर्कशॉपमध्ये फक्त ब्रेकचं काम केलंय. समोरच्या घरातल्या काकू एवढीच ओळख. त्या दिवसापासून प्रत्येक रविवारी सकाळी तुम्ही आलात, साधारण चौदा महिने, आणि एकदाही माझ्या हातातून पाना काढून घेतला नाहीत. खरं सांगतो, सुरुवातीला मला वाटायचं की काकूंनी स्वतः केलं तर दहा मिनिटांत होईल, मग मला का दोन तास लावायला लावतायत. आता कळतंय, कारण आता ती गाडी उघडली की कुठला नट का तिथे आहे हे मला माहितीये.

सगळ्यात आधी तर तुमच्यामुळे मी जिवंत आहे, हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये. मी गाडी काँक्रीटच्या ब्लॉकवर टेकवली होती आणि खाली सरपटत शिरणार होतो. तुम्ही माझा शर्ट धरून मला मागे ओढलंत. ब्लॉक वाकत नाही, तडा जातो आणि एका क्षणात फुटतो, पळायला वेळच मिळत नाही, हे तुम्ही त्या दिवशी सांगितलंत आणि चार चांगले जॅक स्टँड आल्याशिवाय गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही असं बजावलंत. आजही खाली शिरायच्या आधी मी गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघतो, आणि काढलेलं चाक चॅसीखाली आडवं सरकवून ठेवतो. स्टँड घसरलंच तर गाडी चाकावर बसेल, माझ्यावर नाही.

आणि ती धूळ! पहिला ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं गोल भांडं, उघडला, आत मूठभर काळी भुकटी, आणि मी एअर गन उचलली. तुम्ही एवढ्या मोठ्याने ओरडलात की गन हातातून पडली. त्या काळातल्या ब्रेक लायनिंगमध्ये, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असायचं, हवेने उडवली की ती धूळ फुप्फुसात जाते आणि त्रास कित्येक वर्षांनी दिसतो, हे मी कुठेतरी वाचलं असेलही, पण हातात गन असताना आठवलं नव्हतं. मग तुम्ही साबणाचं पाणी फवारून सगळं ओलं करायला लावलंत, मास्क घालून फडक्याने पुसायला लावलंत आणि ती फडकी पिशवीत घट्ट बांधायला लावलीत. सोबत काम करणाऱ्या दोघींना झालेला त्रास तुम्ही बघितलाय, एवढंच म्हणालात. पुढे मी काही विचारलं नाही. पण जुन्या गाड्यांवर काम करणारं कोणी हे वाचत असेल तर त्यांनी एवढं नक्की घ्यावं, ड्रम कधीच कोरडा फुंकायचा नाही.

ब्रेकमध्ये माझं सगळ्यात जास्त डोकं उघडलं ते मास्टर सिलिंडरपाशी, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागापाशी. या गाडीला चारही चाकांना मिळून एकच खण, एकच पाइप निघतो आणि पुढे वाटला जातो. म्हणजे चारातलं एक व्हील सिलिंडर (प्रत्येक चाकातला, त्या ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा छोटा भाग) जरी गळलं किंवा एक पाइप फुटला तरी पेडल जमिनीला आणि चारही ब्रेक गेले. फोर्डने या पिकअपला १९६७ पासून दोन भागांचं मास्टर सिलिंडर दिलं, पुढचं वेगळं आणि मागचं वेगळं, एक गेलं तरी दुसरं धरतं. मी ओरिजिनल ठेवायचा हट्ट धरून बसलो होतो, जुन्या गाडीत सगळं जुनंच पाहिजे म्हणून. तुम्ही वाद घातला नाहीत. फक्त म्हणालात, "बाकी सगळं ओरिजिनल ठेव की, पण तुझ्या शेजारी बसणारं माणूस ओरिजिनल एकच आहे." दुसऱ्याच दिवशी मी दोन खणांचं मास्टर सिलिंडर बसवायचं ठरवलं आणि पुढच्या-मागच्या लाइन वेगळ्या केल्या.

त्या लाइनसाठी मी तांब्याची नळी आणून ठेवली होती कारण ती हाताने मस्त वाकते. तुम्ही ती बाजूला ठेवलीत. साधं तांबं सततच्या थरथरीने कडक होऊन तडकतं, ब्रेकला स्टील नाहीतर तांबं-निकेलची नळी, आणि टोकाला डबल फ्लेअर, म्हणजे नळीचं तोंड दुहेरी दुमडून पसरवलेलं. ते डबल फ्लेअर शिकताना मी अकरा टोकं वाया घालवली, तुम्ही एकेक हातात घेऊन उजेडात फिरवून बघायचात, कुठे तिरकं बसलंय, कुठे चीर आहे. बाराव्याला काहीच बोलला नाहीत, नुसती पुढची नळी माझ्याकडे सरकवलीत. तो क्षण माझ्यासाठी खूप मोठा होता काकू, तुम्हाला कदाचित आठवणारही नाही.

व्हील सिलिंडरचंही तसंच. मला वाटलं पॉलिश पेपर मारला, नवीन रबर टाकलं की झालं. तुम्ही आतून नख फिरवायला लावलंत, नख अडकलं की सिलिंडर बाद. चारही ठिकाणी अडकलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि वर्षानुवर्षं ते पाणी तिथेच बसलं की आतून खड्डे पडतात, हे मला तेव्हा समजलं. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं कोरं असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलं की तोच आकडा १४० पर्यंत उतरू शकतो, मग उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल स्पंजसारखं दबतं. तेव्हापासून उघडी राहिलेली बाटली मी परत वापरत नाही.

इंजिनाचं तुम्ही म्हणायचात की ते तुमचं क्षेत्र नाही, पण तिथेही तुमचंच ऐकलं म्हणून इंजिन वाचलं. ते जाम होतं, हलतच नव्हतं, आणि मी मोठी बॅटरी लावून स्टार्टरने झटका द्यायच्या तयारीत होतो. तुम्ही विचारलंत की जाम झालेला ब्रेक पिस्टन आपण कसा सोडवला? भिजवून, वाट बघून, थोडा आत थोडा बाहेर. मग इंजिनाला झटका कशाला? आणि नंतर मी त्या २४० क्युबिक इंचाच्या इंजिनाबद्दल वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण त्यात टायमिंग चेन नाही, गिअर आहेत, आणि कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, गिअर फायबरचा. आत काही अडकलेलं असताना जोर लावला असता तर त्याचे दातच उडू शकले असते. मग सहाही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गिअरबॉक्सचं एटीएफ ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं ओतलं, नऊ दिवस भिजत ठेवलं, खालचं कव्हर काढून फ्लायव्हीलच्या दातांवर जोर देत थोडं इकडे थोडं तिकडे. दहाव्या दिवशी बोटभर सरकलं. मी रात्री साडेअकराला तुमच्या दाराची बेल वाजवली होती, त्याबद्दल सॉरी.

पेट्रोलची टाकी, वायरिंग, कार्ब्युरेटर हे सगळं मी बऱ्यापैकी एकट्याने केलं, त्यावर इथे फार लिहीत नाही. टाकी या गाडीत केबिनमध्येच सीटच्या मागे असते, त्यामुळे तिचे पाइप आणि झाकणाचं रबर नवीन टाकल्याशिवाय आत बसायचंच नाही हे मात्र तुमचंच म्हणणं होतं, आणि बरोबर होतं.

पण एक संध्याकाळ लिहिल्याशिवाय हे पत्र पूर्ण होणार नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या भागाचा, बोल्ट तुटला तो दिवस. एक नाही, लागोपाठ तीन. तिसरा तर हेडच्या आतच राहिला. घरात त्या आठवड्यात बाकीचंही बरंच चालू होतं, तुम्हाला माहितीये, आणि मी गॅरेजचे दिवे बंद करून आतच जमिनीवर बसलो होतो, गाडी देऊन टाकायची असं पक्कं ठरवून. तुम्ही आलात, दिवा लावला नाहीत, शेजारी स्टूल ओढून बसलात. वीसेक मिनिटं आपण दोघंही काही बोललो नाही. मग म्हणालात, "आज पाना उचलायचा नाही. उद्या त्या तुकड्यावर नट वेल्ड करू, गरम असतानाच हळूच फिरवू, निघेल." दुसऱ्या दिवशी तिन्ही निघाले. पण निघाले नसते तरी चाललं असतं काकू, मला त्या वीस मिनिटांसाठी थँक्यू म्हणायचंय.

मग ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या पाइपमधली हवा काढणं. हे एकट्याने करायचे जुगाड आहेत, पण दोन माणसांनी करण्यात जी मजा आहे ती वेगळीच. तुम्ही केबिनमध्ये पेडलवर, मी खाली, पारदर्शक नळीचं टोक ऑइलच्या बरणीत बुडवलेलं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं उजवं. "दाबा काकू", "दाबलंय", मी निप्पल उघडायचो, फुगे यायचे, निप्पल बंद, "सोडा". तासभर हेच चार शब्द. शेवटच्या चाकाला फुगे थांबले आणि वरून तुमचा आवाज आला, "आता दगड झालं पेडल." तो आवाज मला इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या आवाजापेक्षा जास्त आठवतो. इंजिन त्यानंतर तीन आठवड्यांनी सुरू झालं, १-५-३-६-२-४ या त्याच्या ठरलेल्या क्रमाने पेटत, सहाही सिलिंडर, आणि तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात, पण पेडलपाशी तुम्ही हसला होतात.

पहिल्या राइडला मोकळ्या मैदानात तुम्ही शेजारी बसलात. ताशी वीसच्या वेगाने ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. माझं तोंड उतरलं. तुम्ही समोर बघतच विचारलंत, "उजव्या पुढच्याला छोट्या लायनिंगचा शू कुठल्या बाजूला लावलास?" शू म्हणजे ड्रमला आतून दाबणारी लायनिंगची वाकडी पट्टी, प्रत्येक चाकात दोन, छोट्या लायनिंगचा पुढे आणि मोठ्याचा मागे, हे तुम्ही मला दहा वेळा सांगितलं होतं, आणि मी त्या एका चाकाला उलटं बसवलं होतं, म्हणून ते चाक कमी धरत होतं. गाडीतून न उतरता, ड्रम न उघडता तुम्ही सांगितलंत. आणि रागावला नाहीत. मी तिथेच चाक काढून शू बदलेपर्यंत तुम्ही सावलीत बसून राहिलात, आणि दुसऱ्यांदा ब्रेक दाबला तेव्हा गाडी सरळ रेषेत उभी राहिली.

लोक विचारतात रंग कधी देणार. दारावरचा मूळ रंग उडालाय, खालचे पत्रे नवीन आहेत आणि त्यांच्यावर फक्त प्रायमर आहे, दिसायला ठिगळं लावल्यासारखं दिसतं. दारांच्या तळाची पाणी जायची भोकं मात्र तुम्ही सांगितल्याप्रमाणे मोकळी ठेवलीयेत, कारण ती कचऱ्याने तुंबली म्हणूनच आधीचे पत्रे सडले होते. रंग होईल सावकाश.

या चौदा महिन्यांत मी तुम्हाला काहीच देऊ शकलो नाही, तुम्ही घेतही नाही. एकदा ग्रीसचे हात पुसायला दिलेला माझा जुना टॉवेल तेवढा तुम्ही घरी नेलात आणि धुऊन परत आणलात. काकू, मनापासून थँक्यू. तुमच्या प्रत्येक रविवारसाठी.

आणि हो, मागच्या डाव्या चाकाचं ॲडजस्टर अजून एक दात घट्ट करायचंय असं मला वाटतंय, हँडब्रेक थोडा सैल वाटतोय. या रविवारी या. गाडी मी आधीच स्टँडवर घेऊन ठेवतो, हलवूनही बघतो, पेडलवर तुम्ही बसा.

तुमचा,
समोरच्या गॅरेजमधला