माझा राउटर तसाच राहू दिलात, त्याबद्दल

इंटरनेटची फायबर जोडायला आलेल्या दादांना,

सप्रेम नमस्कार.

तुमची परवानगी घेतलेली नाही म्हणून तुमचं नाव लिहीत नाही. पण हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर तुम्ही लगेच ओळखाल. आईच्या उशाशी पांढरं बटण असलेलं घर ते आमचं.

कनेक्शन घेण्याआधी मी हेल्पलाइनला तीनदा फोन करून विचारलं होतं, की घरातला माझाच राउटर वापरता येईल ना? तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "नाही मॅडम, आमचाच बॉक्स लागतो." का लागतो, हे कुणी सांगितलं नाही. त्यामुळे तुम्ही दारात आलात तेव्हा मी भांडायच्या तयारीतच होते. तुम्ही मात्र बॅग खाली ठेवलीत आणि आधी विचारलंत, "तुमचाच राउटर का हवा आहे, ते सांगा." तोवर हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.

मी आईबद्दल सांगितलं. अर्धांगवायूनंतर तिला हाक मारता येत नाही. ती बटण दाबते आणि माझा फोन वाजतो. ते बटण बनवणाऱ्यांनी त्याचं ॲप बंद केलंय, त्यामुळे त्याला आता नवीन वाय-फाय शिकवता येत नाही. ते ज्या छोट्या कॉम्प्युटरला निरोप देतं त्याचा १९२.१६८.५०.१० हा पत्ताही त्यात कायमचा बसलेला आहे. तुमच्या बॉक्समध्ये पत्त्यांची रचना बदलायची सोयच कुलूपबंद होती. शिवाय मी बाहेर असले की व्हीपीएन या नेटवरच्या खासगी वाटेने घरच्या राउटरवर येते, म्हणजे आईने बटण दाबलं तर मला बाहेरही कळतं.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि बॉक्स हातात घेऊन म्हणालात, "या एका डब्यात दोन डबे आहेत." मला हा सगळा विषय त्या वाक्याने कळला. एक डबा म्हणजे ओएनटी, जो काचेच्या तारेतून येणारा उजेड ओळखतो. दुसरा म्हणजे राउटर, जो आलेलं नेट घरात वाटतो. पहिलं काम माझ्या राउटरला जमणारच नव्हतं, त्याला फायबर जोडायला जागाच नाही. आणि जमलं असतं तरी चाललं नसतं. एकच फायबर स्प्लिटरमधून बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेली असते. वरून येणारा उजेड सगळ्यांकडे पोचतो आणि प्रत्येक ओएनटी त्यातलं आपलं तेवढं उचलतो. उलट दिशेने पाठवताना मात्र ज्याने त्याने आपल्या ठरलेल्या क्षणीच बोलायचं. मध्येच भलता डबा बोलायला लागला तर शेजाऱ्यांचंही नेट अडतं, म्हणून ज्याचा सीरियल नंबर नोंदवलेला आहे त्यालाच तिकडून दाद मिळते. हेल्पलाइनचं "आमचाच बॉक्स लागतो" एवढ्यापुरतं खरं होतं. त्याच्या पुढचं काम माझ्या राउटरकडे देता येतं, हे तुम्ही सांगितलंत.

तुम्ही सोपा मार्गही लपवला नाहीत. माझा राउटर तुमच्या बॉक्सच्या मागे नुसता जोडला असता तरी बटण चाललं असतं. पण मग दोन राउटर एकामागे एक, पत्ते दोनदा बदलणार, आणि बाहेरून येणारं व्हीपीएन पुढच्या बॉक्सवरच अडणार. तुम्ही आधी बाहेरचा पत्ता तपासलात. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला निघाला असता तर तो कंपनीच्या आतला, अनेकांत वाटलेला पत्ता ठरला असता आणि मग ब्रिज मोड करूनही, म्हणजे बॉक्समधलं राउटरचं काम बंद करून ते माझ्या राउटरकडे देऊनही, बाहेरून घरात येता आलं नसतं. आमचा तसा नव्हता. "मग करू या," असं म्हणून तुम्ही बाह्या सरसावल्यात.

तुम्ही फायबर कशी हाताळलीत, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. हिरव्या टोकाचं टोपण काढलंत, ते कोरड्या पट्टीवर एकाच दिशेने एकदा ओढलंत, आणि पुन्हा बोट लागू दिलं नाहीत. मी वाकून बघायला गेले तर तुम्ही हात आडवा धरलात. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. टोक हिरवं का, तर आतली काच आठ अंशांनी तिरकी घासलेली असते, म्हणजे परत फिरणारा उजेड वाटेतून बाजूला पडतो. त्यात निळं टोक खुपसायचं नाही. उजेडाची ताकद मोजणाऱ्या मीटरवर उणे १९ डीबीएम हा आकडा आला. एवढासा उजेड म्हणजे एका मिलीवॅटचा जेमतेम ऐंशीवा भाग, आणि तेवढ्यावर अख्खं घर चालतं! मग तुम्ही तार बोटाभोवती वळवलीत आणि आकडा माझ्यादेखत घसरला. तेव्हापासून कपाटामागची ती तार मी कुणालाही दाबू दिलेली नाही.

बॉक्स ब्रिज मोडवर टाकलात. माझ्या राउटरवर पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या नेटमध्ये लॉगिन करायच्या पद्धतीचं, युजरनेम आणि पासवर्ड घातलात. तरी नेट येईना. मी कासावीस होऊन राउटर बंद-चालू करत सुटले. तुम्ही शांतपणे माझा हात थांबवलात आणि सांगितलंत, की व्हीएलएएनचा, म्हणजे कंपनीच्या तारेवर आपलं नेट ज्या वेगळ्या गल्लीतून जातं तिचा, नंबर राहिलाय. नंबर घातल्यावर पलीकडून उत्तर आलं, पण लॉगिन होईना. आधीच्या बॉक्सने उघडलेलं सेशन सर्व्हरवर अजून जिवंत होतं आणि एका युजरनेमवर दुसरं उघडू देत नव्हतं. तुम्ही ऑफिसला फोन केलात, ते सेशन तोडायला लावलंत आणि माझ्या खात्याशी बांधलेला जुन्या बॉक्सचा मॅक आयडी, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, तोही मोकळा करून घेतलात. पलीकडच्या माणसाने "ग्राहकाला आमचाच राउटर वापरायला सांगा" म्हटल्याचं मला ऐकू आलं. तुम्ही फक्त "ग्राहकाची गरज वेगळी आहे, करून द्या" एवढंच म्हणालात. तुमच्या कामाचे तास मोजले जातात, हे मला माहीत आहे. माझ्यासाठी तुम्ही तिथे अडीच तास घालवलेत.

दोन दिवसांनी मी पुन्हा फोन केला, कारण काही साइट उघडत होत्या आणि काही नुसत्या फिरत राहत होत्या. तुम्ही फोनवरच विचारलंत, "एमटीयू किती ठेवलाय?" एमटीयू म्हणजे नेटवरच्या एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, माझ्याकडे तो १५०० बाइट होता. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट स्वतःसाठी घेतं, म्हणून १४९२ करायचा, आणि एमएसएस क्लॅम्पिंग, म्हणजे पलीकडच्यांनाही तेवढीच लहान पॅकेटं पाठवायला लावणारी सोय, चालू करायचं. दोन मिनिटांत सगळं उघडलं. ज्यांना असाच अर्धवट नेटचा त्रास होतोय त्यांनी हे आधी बघावं, म्हणूनही हे पत्र मी सगळ्यांसमोर लिहितेय.

त्या दिवशी काम संपल्यावर तुम्ही लगेच निघाला नाहीत. युजरनेम, व्हीएलएएनचा नंबर आणि ओएनटीचा सीरियल नंबर एका चिठ्ठीवर लिहून ती राउटरच्या खाली चिकटवलीत, आणि पासवर्ड वेगळीकडे ठेवायला सांगितलात. मग आईच्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणालात, "आजी, दाबा बघू." माझा फोन वाजला. तुम्ही तिला पाच वेळा दाबायला लावलंत, पाचही वेळा वाजला. एवढ्यावरही तुमचं समाधान झालं नाही. दोन्ही डब्यांची वीज तुम्ही भिंतीवरच्या बटणाने बंद केलीत, थोडं थांबून परत चालू केलीत, आणि सगळे दिवे हिरवे होईपर्यंत तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून राहिलात. मग म्हणालात, "आजी, आता शेवटचं."

तिने दाबलं. फोन वाजला. ती तुमच्याकडे बघून हसली, दादा. आजारपणानंतर परक्या माणसासमोर ती पहिल्यांदाच हसली होती.

मनापासून आभार.

आपली,
बटणवाल्या आजींची मुलगी