विहिरीच्या पाण्यात फवारणीचं औषध किती उतरलंय, ते मोजायला हातभार लावा

समस्त गावकरी, तसंच पुण्या-मुंबईत, नागपुरात आणि परदेशी राहणारी आपली मंडळी यांना सप्रेम नमस्कार.

पाण्याच्या पाहणीनंतर पंचायतीला धोका कमी असल्याचं हिरवं कार्ड मिळालं की गाव निश्चिंत होतं. ते कार्ड कशावर ठरतं, हे मात्र फार कुणी विचारत नाही. विहिरीभोवती घाण आहे का, पाइपाला गळती आहे का, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, नियमित पडतं का, हे त्यात बघतात. गावचं पाणी तपासणाऱ्या जलसुरक्षकाच्या पेटीत फ्लोराइड, नायट्रेट, लोह, क्षार कळतात आणि छोटी बाटली काळी पडली तर पाण्यात जंतू आहेत हे समजतं. पऱ्हाटीवर मारलेलं औषध यातल्या कशातच दिसत नाही. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेतली यंत्रं लागतात. तो खर्च पाणीपट्टीतून निघणारा नाही, म्हणून हे आवाहन.

आपली नळयोजनेची विहीर नाल्याच्या काठावर आहे आणि तिच्या वरच्या अंगाला सगळी कपाशी-सोयाबीनची वावरं. फवारणी झाली आणि दोन दिवसांत जोराचा पाऊस आला, की धुऱ्यावरून गढूळ लोंढा थेट नाल्यात येतो. फवाऱ्याच्या ड्रमसाठी पाणी नाल्यातलंच घेतो, पंप तिथेच विसळतो आणि रिकाम्या बाटल्याही तिथेच टाकतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे, उगाच एकमेकांकडे बघायचं कारण नाही. वरून काळी माती. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत हात जातो. पहिल्या पावसाचं पाणी मातीतून गाळून खाली जाण्याऐवजी त्या भेगांतून सरळ मुरमात उतरतं. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक मातीला धरून राहतं. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, मोनोक्रोटोफॉस यांचं तसं नाही; ती पाण्यात सहज विरघळतात आणि पाणी जाईल तिकडे जातात.

आता मापाचं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं मानक आहे, आयएस १०५०० : २०१२. त्यात कीटकनाशकं आणि तणनाशकांची १८ नावं आहेत आणि प्रत्येकापुढे मर्यादा आहे. एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. लिटरभर पाण्यात किती मायक्रोग्रॅम चालतील ते तिथे लिहिलंय. मोनोक्रोटोफॉस १, क्लोरपायरिफॉस ३०, मॅलॅथिऑन १९०. पण यादी नीट वाचली की हसावं की रडावं कळत नाही. अल्ड्रिन-डिल्ड्रिन, डीडीटी, बीएचसीचे चार प्रकार, एंडोसल्फान, मिथाइल पॅराथिऑन, फोरेट, अलाक्लोर, ही दहा नावं शेतीसाठी केव्हाच बंद झालेल्या औषधांची. जुनं विष जमिनीत उरतं, ते तपासायलाच हवं, याबद्दल वाद नाही. पण आज कृषी केंद्राच्या फळीवर जे दिसतं ते इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, असिफेट, प्रोफेनोफॉस, ग्लायफोसेट. यातलं एकही नाव त्या १८ मध्ये नाही. म्हणजे प्रयोगशाळेत ‘आयएसप्रमाणे तपासा’ एवढंच सांगून आलो, तर यंदा आपण मारलेल्या औषधांपैकी बरीचशी शोधलीच जाणार नाहीत आणि ‘पाणी पिण्यायोग्य’ असा कागद मात्र हातात पडेल.

मर्यादा कशी काढतात तेही समजून घ्या. क्लोरपायरिफॉसचं उदाहरण घेऊ. जन्मभर रोज पोटात गेलं तरी अपाय होऊ नये असं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने दर किलो वजनामागे ०.०१ मिलिग्रॅम धरलं. माणूस ६० किलोचा, म्हणजे दिवसाला ०.६ मिलिग्रॅम. बाकीचं अन्नातून येणार म्हणून त्यातला दहावा हिस्सा पाण्याला दिला आणि माणूस रोज दोन लिटर पाणी पितो असं मानलं. हिशेब येतो लिटरला ३० मायक्रोग्रॅम. आपल्या मानकातही हाच आकडा आहे.

गणितात चूक नाही. पण हा ६० किलोचा, दोन लिटरवर भागवणारा माणूस आपल्या गावातला नव्हे. उन्हात निंदायला जाणारी ४५ किलोची बाई दिवसाला पाच लिटर पाणी सहज पिते. तेच गणित तिच्यासाठी मांडलं तर ३० चे ९ होतात. लहान लेकरांचं गणित अजून वेगळं.

शहरात विकत मिळणाऱ्या बाटलीला मात्र कडक नियम आहे. २००३ मध्ये बाटलीबंद पाण्यातल्या आणि शीतपेयांतल्या कीटकनाशकांवरून देशभर गदारोळ झाला, शीतपेयांसाठी शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समितीही बसली. १ जानेवारी २००४ पासून बाटलीबंद पाण्यात एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आणि सगळी मिळून ०.५ अशी झाली. युरोपात नळाच्या पाण्यालाही हेच माप लावतात. बाटलीला एक माप आणि विहिरीला दुसरं, हे आमच्या गावच्या समितीला पटत नाही.

म्हणून असं ठरवलंय. आधी गावाची स्वतःची यादी करायची : यंदा कुणी, कशावर, काय मारलं. त्या यादीतली औषधं आणि मानकातली १८ नावं, दोन्ही तपासून घ्यायची. ज्याला सरकारी मर्यादा आहे तिथे ती बघायची, आणि ज्याला नाही तिथे ०.१ च्या वर आकडा गेला तर ती धोक्याची खूण धरायची. नमुने सहा ठिकाणचे : नळयोजनेची विहीर, शाळेचा हातपंप, वरच्या आळीतली बोअर, नाल्यावर दोन जागा आणि गुरं पितात तो डोह. एकदा ऑगस्टमध्ये फवारणीनंतरच्या मोठ्या पावसात आणि पुन्हा दिवाळीनंतर, कारण विहिरीत उतरायला वेळ लागतो.

एक शंका बैठकीत निघाली, ती इथेही लिहितो. ‘पाणी खराब निघालं तर गावाचं नाव जाईल, पोरांना कुणी पोरी देणार नाही.’ २०१७ च्या खरिपात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा गेलेलं नाव काही लपवाछपवीने परत आलं नाही. अहवाल चांगला येवो वा वाईट, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आकड्यांसकट वाचला जाईल. पाणी उकळून किंवा टीसीएल टाकून ही औषधं जातील, या भरवशावर राहू नका. गरज पडली तर सक्रिय कोळशाची गाळणी बसवावी लागेल, पण कोणती आणि केवढी हे आकडे आल्याशिवाय ठरवता येत नाही. तेच आकडे घेऊन यादीत नवी नावं घालावीत अशी मागणी मानक ब्यूरोकडे आणि जिल्हा परिषदेकडे करणार आहोत.

पैशाची मदत हवीच. कुणी एका नमुन्याचा पूर्ण खर्च उचलला तर उत्तम. चार भावंडांनी मिळून उचलला तरी चालेल. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची दरपत्रकं पंचायतीच्या फलकावर लावली आहेत, ती बघून आकडा ठरवा. पैशाइतकीच गरज दुसऱ्या गोष्टींचीही आहे. नमुना गडद तपकिरी काचेच्या बाटलीत घ्यावा लागतो, प्लास्टिक चालत नाही. तो बर्फात ठेवून लवकरात लवकर नागपूरला पोचवायचा, तेव्हा त्या दिवशी गाडी देणारा हवा. रसायनशास्त्र शिकलेल्या कुणी सुट्टीत येऊन अहवाल वाचायला मदत करावी. कृषी केंद्रवाल्यांनी विक्रीची नोंदवही दाखवावी. कुणाच्या धंद्यावर उठायचं नाही, फक्त नावं हवीत. आणि शेतकऱ्यांनो, औषधाची बिलं फेकू नका. बिल नसेल तर रिकाम्या डब्याच्या लेबलाचा फोटो चालेल. उधारीचा आकडा झाकला तरी हरकत नाही.

देणगी समितीच्या बँक खात्यातच जमा करावी. खाते क्रमांक पंचायतीच्या कार्यालयात आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर मिळेल. रोख दिल्यास छापील पावती घेतल्याशिवाय उठू नका. जमाखर्च दर महिन्याला फलकावर लागेल. तपासणीतून उरलेले पैसे नाल्यापासून दूर पंप धुण्याची पक्की जागा बांधायला वापरू. पहिल्या फेरीच्या बाटल्या आणि प्रयोगशाळेची आगाऊ रक्कम ३१ जुलैपर्यंत भरायची आहे.

आपली,
ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती