वेल्डरची परीक्षा आयटीआयमध्येच घ्या

महोदय,

मुलगा वेल्डर होतोय म्हटलं की पाहुणे नाक मुरडतात. बॉयलर, जहाज, रेल्वेचा डबा, सगळं याच कामावर उभं असतं, हे मात्र कुणी बोलत नाही.

या कामाला जगभर मान्य असलेली मापं आहेत. १९४८ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्था त्यासाठी आयएसओ या मापं ठरवणाऱ्या जागतिक संघटनेसोबत काम करते. आयएसओ ९६०६-१ ही पोलाद जोडणाऱ्या वेल्डरची परीक्षा. प्लेट किंवा पाइप जोडायचा, मग तो जोड एक्स-रेखाली किंवा वाकवून, मोडून तपासतात. आत मर्यादेपेक्षा जास्त स्लॅग, म्हणजे जोडात अडकलेली मळी, दिसला की नापास! आडव्या ठेवलेल्या प्लेटवर पास झालेल्याला उभा जोड मारायची परवानगी मिळत नाही. त्याची परीक्षा वेगळी. शिवाय दर सहा महिन्यांनी, हा माणूस अजून तेच काम करतोय, अशी सही लागते. छोट्या वर्कशॉपमध्ये ही सही करणार कोण? मालकाला तो कागदच ठाऊक नसतो.

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एका वर्षाचा. त्याचं प्रमाणपत्र म्हणजे ही परीक्षा नव्हे. मुलगा आखातात किंवा निर्यातीचं काम करणाऱ्या कारखान्यात गेला की चाचणी नव्याने द्यावी लागते. ती वर्षअखेरीस आयटीआयमध्येच, बाहेरचा परीक्षक बोलावून घ्यावी आणि फी सरकारने भरावी. सरावाला इलेक्ट्रोड, म्हणजे वेल्डिंगचे रॉड, मोजून देणंही थांबवा. हात रॉड जाळूनच बसतो.

– एक वाचक, भोसरी