कव्हर घ्या, पण कोणते ते आधी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या स्विमिंग पूलविषयीच्या लेखांत फरशा, दिवे, कारंजी यांचे वर्णन भरभरून असते आणि शेवटी ‘पूलवर कव्हर घालावे’ एवढेच एक वाक्य येते. ते अपुरे आहे, आणि घरात लहान मूल असेल तर घातकही आहे.

सर्वाधिक खपते ते फुगेवाले बबल कव्हर. फुग्यांची बाजू पाण्याकडे ठेवून ते पसरतात. त्याने बाष्पीभवन थांबते, म्हणून पाणी उबदार राहते आणि वरचेवर भरावे लागत नाही. पण ते वजन पेलत नाही. मुलाने पाय टाकला की प्लास्टिक खाली जाते, अंगाभोवती लपेटते, आणि काठावरच्या माणसाला वरून काही दिसतही नाही. सुरक्षेसाठी वेगळे सेफ्टी कव्हर लागते : काठात अँकर ठोकून स्प्रिंग-पट्ट्यांनी ताणलेले, किंवा दोन्ही कडांच्या रुळांतून सरकणारे. विक्रेत्याला सेफ्टी कव्हरसाठीच्या एएसटीएम एफ-१३४६ या अमेरिकी मानकाचा दाखला विचारावा. त्यात आठ फुटांहून रुंद पूलच्या कव्हरने सुमारे २२० किलो भार पेलणे अपेक्षित आहे. सलग कापडाच्या कव्हरवर पावसाचे पाणी साचते, आणि तान्ह्या मुलाला काही सेंटिमीटर पाणीही बुडवू शकते. ते पंपाने लगेच काढावे. जाळीदार कव्हरमधून पाणी निघून जाते, मात्र ऊन आत शिरते आणि शेवाळ धरते. कव्हर कोणतेही असो, भोवती निदान १.२ मीटर उंचीचे कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक हवेच.

कव्हर आले की क्लोरीनचा हिशोब बदलतो, हे फार कमी जणांना कोणी सांगते. उघड्या पाण्यातला क्लोरीन उन्हाने झपाट्याने नष्ट होतो. झाकलेल्या पाण्यात तो टिकतो. जुनाच डोस चालू ठेवला तर डोळे चुरचुरतात, पोहण्याचे कपडे विटतात. मोजूनच घालावे : मुक्त (म्हणजे अजून खर्च न झालेला) क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), पीएच म्हणजे आम्लतेचे माप ७.२ ते ७.८. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल पूलमध्ये सुमारे ४५,००० लिटर पाणी असते. त्यात क्लोरीन २ पीपीएमने वाढवायला ६५ टक्के क्लोरीन देणारी कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडर साधारण १४० ग्रॅम पुरते. बादलीत आधी पाणी, मग पावडर. उलटे कधीही नाही. ट्रायक्लोर या दुसऱ्या क्लोरीन-रसायनाच्या गोळ्यांना वापरलेला चमचा या पावडरीत घालू नये, आग लागू शकते.

शॉक डोस (एकदम घातलेला क्लोरीनचा मोठा डोस) दिल्यावर पूल उघडा ठेवावा आणि क्लोरीन नेहमीच्या पातळीवर उतरल्यावरच झाकावा. नाहीतर प्लास्टिक ठिसूळ होते, फुगे सुटतात आणि त्यांचे पारदर्शक कपचे स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भागाच्या) टोपलीत सापडू लागतात.

नवे बबल कव्हर आणल्याबरोबर कापू नका. दोन-तीन दिवस पाण्यावर पडू द्या, घड्या सुटल्या की काठाच्या आकाराने कात्री चालवा. रोलरवर गुंडाळलेल्या कव्हरवर पांढरी चादर टाका; उन्हात आतले थर तापून एकमेकांना चिकटतात. आणि पोहायला उतरण्यापूर्वी कव्हर पूर्ण काढा. अर्धे काढलेल्या कव्हरखाली गेलेल्याला वर येऊन श्वास घ्यायला जागा सापडत नाही.

लेखांसोबत कव्हरची छायाचित्रे छापताना ते बबल आहे की सेफ्टी, एवढे खाली जरूर लिहावे, ही विनंती.

आपले,
पूल-देखभाल तंत्रज्ञ