डब्यातली वडी, दाण्यांशिवायची

टारनीट, मेलबर्न
रविवार, 18 जानेवारी

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून पत्र लिहितोय, याचं तुला नवल वाटेल. पण समोर बसून सांगायला लागलो की तू "हो बाबा, माहितेय" म्हणतोस आणि माझंही निम्मं सांगायचं राहून जातं. आणि हे सगळं सांगायलाच हवं. फेब्रुवारीपासून माझी शिफ्ट पहाटे पाचची, आई रात्रपाळीहून येणार साडेसातला. म्हणजे सातवीपासून तुझा डबा तूच भरायचा. पोळी-भाजीचं आई बघेल. रिसेसची मुसली बार, आपल्या घरची "वडी", इतकी वर्षं मी करत आलो. ती आता तुझ्याकडे.

परवा तू विचारलंस, "नव्या शाळेत नट्सवर बंदी नाहीये, मग मी दाण्याचा लाडू नेऊ?" मी तेव्हा "बघू" म्हणालो. त्याचं खरं उत्तर या पत्रात आहे.

आधी दाण्यांचं सांगतो. माझे आजोबा कराडजवळ दोन एकरांत भुईमूग लावायचे. दसऱ्याच्या आगेमागे वेल उपटून खळ्यावर आणायचे आणि आम्ही पोरं शेंगा तोडायला बसायचो. नखांत माती, समोर मीठ घालून उकडलेल्या ओल्या शेंगांची पाटी. भुईमुगाचं पिवळं फूल गळालं की त्याला आऱ्या सुटतात, त्या जमिनीत शिरतात आणि शेंग मातीच्या पोटात धरते. आजोबा मूठभर माती बाजूला करून आम्हाला ते दाखवायचे. आमच्या घरात दाणा नाही असा पदार्थ नव्हता: पोह्यात, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, उपासाच्या आमटीत. आपल्या भाषेनं त्याला नावही बरोबर दिलंय, भुईतला मूग. तो आहेच मुगा-चवळीच्या भावकीतला. इंग्रजीनं त्याच्या नावात "नट" घातलं, पण बदाम-काजूशी त्याचं नातं नाही.

हे लांबण लावायचं कारण आहे. तू दुसरीत असताना शाळेतून कागद आला होता, वर्गात नट्सची गंभीर अ‍ॅलर्जी असलेला मुलगा आहे, डब्यात नट्स देऊ नका. मी तो वाचला आणि घरातले काजू-बदाम वरच्या फळीवर ठेवले. दाण्याची चटणी माझ्या डोक्यातच आली नाही. चटणी ही माझ्या लेखी चटणी होती. सकाळी पोळीला तूप लावलं, वर चटणी पसरली, गुंडाळी केली आणि दिली तुला.

तुला त्या दिवसाचं किती आठवतं मला माहीत नाही. आपण फार बोललो नाही त्यावर. तुझ्या मित्रानं गुंडाळीचा एक घास घेतला. काही मिनिटांत त्याचे ओठ सुजले, गळ्यावर गांधी उठल्या, मग उलटी आणि धाप. त्याच्या शिक्षिकेनं त्याला तिथेच आडवं केलं आणि मांडीत एपिपेन, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचं तयार इंजेक्शन, दिलं. त्या बाई गोंधळल्या नाहीत म्हणून तो वाचला, असं मी आजही मानतो. त्याला इस्पितळात काही तास नजरेखाली ठेवलं आणि संध्याकाळी घरी सोडलं. तू घरी आलास तेव्हा तुझ्या डब्यात उरलेली अर्धी गुंडाळी तशीच होती. ती मी हातात घेऊन किती वेळ उभा होतो, मलाच आठवत नाही. तू मला विचारलंस, "मी दिली म्हणून झालं का?" नाही रे बाळा. तू प्रेमानं दिलीस. डबा मी भरला होता.

तिसऱ्या दिवशी त्याची आई घरी आली. मी माफी मागितली, ती ऐकून घेतली तिनं. मग म्हणाली, तुमचं स्वयंपाकघर बघू का? मला वाटलं डबे-बरण्या बघेल. तिनं मिक्सरचं लहान भांडं उचललं. मी ते आदल्या दिवशी दोनदा घासलं होतं. तिनं झाकणाची रबरी रिंग नखानं ओढून काढली. खाली खाचेत तांबूस, तेलकट, बारीक थर बसला होता, दाण्याच्या कुटाचा. बोटाला लावून तिनं तो मला दाखवला आणि हळूच म्हणाली, "त्याला एवढंसुद्धा पुरतं."

तो थर मी विसरलेलो नाही. वडीत काय घालायचं हे कुठेही लिहिलेलं मिळेल तुला. वडी कुठल्या भांड्यात, कुठल्या हातांनी होते, ते कुणी लिहीत नाही. बिनदाण्याची वडी तिथे ठरते, साहित्याच्या यादीत नाही.

म्हणून वडीचं सामान आपल्याकडे वेगळं आहे आणि वेगळंच राहू दे. लाल झाकणाचा मोठा डबा, त्यात लाकडी उलथनं, सुरी, वाटी, कापायचा पाट. पोळपाटावर वडी कधीच कापायची नाही. लाकडाच्या भेगांत काय बसलंय ते दिसत नाही. मिक्सर तर लावायचाच नाही. खजूर मी हातानं कुस्करतो ते त्यासाठीच. सकाळी दाण्याची चटणी खाल्ली असेल तर आधी साबणानं हात धुवायचे. सॅनिटायझर चोळून चालत नाही, जंतू मरतात पण दाण्यातलं प्रथिन हातावर तसंच राहतं. भाजल्या-तळल्यानंही त्याची अ‍ॅलर्जी जात नाही, ओव्हनमधून निघालं म्हणजे निर्धोक झालं असं समजू नकोस.

आता वडी. ओट्स 200 ग्रॅम घे, ते रुंद, चपटे रोल्ड, झटपट शिजणारे नकोत, त्यांचा लगदा होतो. चुरमुरे 40 ग्रॅम, भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया प्रत्येकी 50, मनुका 80. ओट्स आणि बिया कोरड्याच ट्रेमध्ये पसरून 160 अंशावर दहा मिनिटं भाज. मधे एकदा हलव. भोपळ्याच्या बिया फुगून तडतडायला लागल्या की काढ. चुरमुरे आणि मनुका भाजायचे नाहीत, मनुका कडू होतात.

तोवर पातेल्यात 90 ग्रॅम बटर, 80 ग्रॅम मध, 60 ग्रॅम चिरलेला गूळ आणि बिया काढलेला 100 ग्रॅम खजूर मंद आचेवर ठेव. खजूर उलथन्यानं दाबत राहा, तो विरघळत जातो. चिमूटभर मीठ आणि वेलची पूड शेवटी. हा पाक नीट जमला तर वडी जमली. वाटीत गार पाणी घेऊन थेंब टाक. थेंब पसरला तर अजून ठेव. बोटांत मऊ गोळी धरली की लगेच उतरव. तुझी आज्जी चिक्कीसाठी पाक आणखी पुढे नेते, गोळी वाटीवर टाकली की टण् वाजायला हवी तिला. आपल्याला तेवढा कडक नको, नाहीतर रिसेसमध्ये दातानं तोडत बसशील.

सगळं एकत्र करून 20 बाय 30 सेंटीमीटरच्या लॅमिंग्टन टिनमध्ये, म्हणजे त्या उथळ चौकोनी ट्रेमध्ये, कागद घालून ओत आणि वाटीच्या बुडानं दाब. इथे कंजुषी करू नकोस. कोपऱ्यांत जास्त दाब, सुटतात त्या तिथूनच सुटतात. 160 वर वीस मिनिटं, कडा सोनेरी होईपर्यंत. गरम असतानाच सुरीनं खुणा कर, पण वेगळ्या करू नकोस. पूर्ण गार होऊन तासभर फ्रीजमध्ये बसली की मग खुणांवरून काप. अठरा होतात. निम्म्या कागदात गुंडाळून फ्रीझरमध्ये टाक, सकाळी काढलेली रिसेसपर्यंत मऊ होते. पहिल्या खेपेला माझ्या वडीचा चुरा झाला होता आणि तू तो दुधात घालून आठवडाभर खाल्लास, तक्रार न करता.

तीळ घालायचा मोह मला दर वेळी होतो. आपल्याकडे गुळाचा पाक आला की हात आपोआप तिळाकडे जातो. पण तिळाचीही अ‍ॅलर्जी असते आणि तीही तेवढीच घातक होऊ शकते. परवाच्या संक्रांतीला तिळगूळ केला तो आपण घरी खाल्ला. बरं आहे, संक्रांत इथे नेहमी उन्हाळ्याच्या सुट्टीतच येते.

सामान आणतानाची गोष्ट. लेबल वाचायला मला तुझ्या त्या मित्राच्याच आईनं शिकवलं. फेब्रुवारी 2024 पासून इथल्या नियमानं अ‍ॅलर्जी आणणाऱ्या पदार्थांची नावं ठळक अक्षरांत आणि साध्या शब्दांत द्यावी लागतात, नुसतं "ट्री नट्स" चालत नाही, बदाम, काजू, अक्रोड असं एकेक लिहावं लागतं. ते वाचणं सोपं आहे. अवघड आहे ती खालची ओळ, "यात अमुकचा अंश असू शकतो" ही. ती छापायची कुणावर सक्ती नाही, त्यामुळे ती नाही म्हणजे पाकीट निर्धोक, असं होत नाही. शंका असेल तर कंपनीला ईमेल करतो मी, उत्तर येतं. बियांच्या बाबतीत हे फार होतं, कारण ज्या यंत्रावर बिया भरतात त्यावरच बऱ्याचदा काजू-बदामही भरतात. आणि चुरमुरे आपल्या देशी दुकानातले सुटे भरलेले घेऊ नकोस. त्याच मापानं तिथे दाणेही भरतात. भडंग करायला ते ठीक, वडीला सुपरमार्केटमधले बंद पाकीट. नेहमीचंच पाकीट असलं तरी दर वेळी वाच, कृती बदलतात आणि पाकिटाचा रंग तोच राहतो.

आता लाडवाचं.

नव्या शाळेनं बंदी घातलेली नाही, हे खरं आहे आणि मला त्यात शाळेची चूक दिसत नाही. इथले तज्ज्ञही आता सरसकट बंदीपेक्षा सावध राहण्यावर भर देतात. बंदी घातली की सगळे निर्धास्त होतात आणि माझ्यासारखा कुणीतरी चटणी पाठवतो. आपल्या व्हिक्टोरिया राज्यात 2008 पासून यासाठी कायदाच आहे. गंभीर अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाची लेखी योजना, पेन, शिकलेले शिक्षक, सगळं शाळेत असावं लागतं. पण तुझी शाळा मोठी आहे आणि तुझ्या शेजारी बाकावर कोण येऊन बसेल ते पहिल्या दिवशी तुला कळणार नाही. याच मेलबर्नमध्ये वर्षभराच्या बाळांची तपासणी झाली होती, त्यात शंभरांतल्या तिघांना दाण्याची अ‍ॅलर्जी निघाली. तशी मुलं तुझ्याही आजूबाजूला असणार. आणि बारा-तेराव्या वर्षी मुलं सांगत नाहीत रे. लहानपणी आई सगळ्यांना सांगत फिरते, मोठं झाल्यावर चारचौघांत वेगळं दिसायला नको वाटतं. तुझा मित्रही आता पेन दप्तराच्या तळाशी ठेवतो म्हणून त्याची आई काळजीत असते.

म्हणून लाडू घरी, शाळेतून आल्यावर, हवे तेवढे. दाणे वाईट असते तर मी तुला खळ्याची गोष्ट सांगितली नसती. ते तुझेही आहेत. डब्यात मात्र वडी. ती कुणी मागितली तर देण्याआधी विचार, तुला काही चालत नाही का? यातही ओट्स आहेत, बटर आहे. माझी वडी सगळ्यांना चालते असं समजून कुणाच्या हातावर ठेवू नकोस.

आणि कधी तुझ्यासमोर कुणाला तसं झालंच, तर तुला येतं काय करायचं. पेनचं निळं टोपण आभाळाकडे, केशरी टोक मांडीकडे, आधी आडवं करायचं, उभं राहू द्यायचं नाही, चालू द्यायचं नाही, मोठ्यांना हाक आणि अ‍ॅम्ब्युलन्ससाठी 000 ला फोन. मित्राच्या आईनं जुनं सरावाचं पेन दिलंय ते फ्रीजवरच्या टोपलीत आहे. महिन्यातून एकदा हातात घेऊन बघ.

येत्या शनिवारी पहिली वडी तू कर. मी स्वयंपाकघरात असेन, पण हात लावणार नाही. आधी सगळ्या झाकणांच्या रिंगा काढून बघ, मग ओट्सचं पाकीट फोड. आणि पाकाची गोळी धरली की मला हाक मार, ती मला माझ्या बोटांत धरून बघायची आहे.

तुझा,
बाबा