'गिअरबॉक्स गेला' असे ठरवण्यापूर्वी

संपादक महोदय,

शहरातल्या कोंडीला कंटाळून आठ-दहा वर्षे जुनी ऑटोमॅटिक गाडी घेणारे आता खूप झाले आहेत. काही महिन्यांनी गाडी झटके देऊ लागते, गॅरेजवाला एक चक्कर मारून येतो आणि 'गिअरबॉक्स गेला' म्हणून मोकळा होतो. या घाईच्या निदानाला आमची हरकत आहे. झटक्याचे कारण गिअरबॉक्सच्या बाहेरही असू शकते, आणि ते शोधायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

पहिला प्रश्न, गिअरबॉक्स कोणत्या जातीचा? होंडा सिटीचेच बघा. २००३ ते २००८ दरम्यानच्या ऑटोमॅटिक सिटीत सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा) होता, पुढच्या पिढीत २०१३पर्यंत पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा) आला आणि २०१४पासून पुन्हा सीव्हीटी, पण वेगळ्या बांधणीचा. तिघांची ऑइल वेगळी: पहिल्याला एचएमएमएफ, दुसऱ्याला एटीएफ झेड-१ किंवा त्याच्या जागी आलेले डीडब्ल्यू-१, तिसऱ्याला एचसीएफ-२. 'ऑटोमॅटिकचे ऑइल द्या' म्हणून आणलेला डबा सीव्हीटीत ओतला की पट्टा पुलीवर घसरतो आणि दोन्ही खरवडून निघतात. मारुतीने २०१४मध्ये सेलेरिओतून आणलेला एएमटी तर मुळात मॅन्युअलच. क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम तेवढे अ‍ॅक्च्युएटर करतो. पोलो जीटी टीएसआयमधला सात गिअरचा डीएसजी आणखी निराळा, त्यात दोन कोरडे क्लच असतात. एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत सुरुवात ऑइलपासूनच करावी. पातळी बघण्याची रीत कंपनीगणिक बदलते. डिपस्टिक, म्हणजे पातळी मोजायची काडी, असलेल्या होंडात इंजिन पूर्ण गरम करून, सपाट जागी बंद करून ६० ते ९० सेकंदांच्या आत काडी बघायची. जुन्या आय-टेनसारख्या ह्युंदाईत इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या स्थानांवरून एकदा फिरवायचा आणि मग 'हॉट'च्या खुणांमध्ये पातळी बघायची. होंडाची रीत ह्युंदाईला लावली तर आकडा चुकतोच. काही गाड्यांत काडीच नसते. तिथे ठरलेल्या तापमानाला लेव्हल प्लग उघडून बघावे लागते, ते लिफ्ट आणि स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारे यंत्र) असलेल्या ठिकाणीच करावे. ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरतात. जास्त भरले तरी फिरते भाग ते घुसळून फेस करतात आणि परिणाम तोच होतो. म्हणून 'थोडे वरच राहू द्या' हा सल्ला ऐकू नये.

काडी पांढऱ्या कागदावर टेकवा. लाल किंवा किंचित तपकिरी चालेल. काळपट आणि जळका वास म्हणजे क्लचचे अस्तर जळते आहे. ऑइल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखे दिसले तर गाडी तिथेच थांबवा: रेडिएटरच्या आतला ऑइल कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरले आहे. क्लच प्लेटचे अस्तर कागदी धाटणीचे असते, ते पाण्याने सुटते. अशा वेळी नुसते ऑइल बदलून भागत नाही, रेडिएटरही बदलावा लागतो.

ऑइल बदलताना चेंबर (गिअरबॉक्सखालचे ऑइलचे भांडे) उतरत असेल तर आतले चुंबक बघायला विसरू नका. त्यावर राखाडी, मऊ लेप असणे नेहमीचे आहे. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे असतील तर मोठ्या कामाची तयारी ठेवा. ड्रेन प्लग काढल्यावर सगळे ऑइल निघते असाही एक समज आहे. सहा लिटरच्या गिअरबॉक्समधून साधारण अडीच लिटरच बाहेर येते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या पाइपांत राहते. त्यामुळे काहीशे किलोमीटरच्या अंतराने तीनदा काढून भरले की जवळपास ८० टक्के ऑइल नवे होते. जुन्या गाडीला मशिनने दाब देऊन फ्लश करण्यापेक्षा हे आम्हाला बरे वाटते. 'आयुष्यभराचे ऑइल' या जाहिरातीवर तर मुळीच विसंबू नये. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते एक लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. 'नवे ऑइल टाकले आणि गिअरबॉक्स बसला' असेही ऐकू येते; पण तिथे अस्तर आधीच संपलेले असते आणि दोष मात्र नव्या ऑइलवर येतो.

ऑइल ठीक असेल तर बॅटरी तपासा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. व्होल्टेज पडले किंवा गिअरबॉक्सची अर्थ वायर गंजली की कंट्रोलर, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर, गोंधळतो आणि नसलेले दोष दाखवतो. मग इंजिन माउंटिंग. एकाने ब्रेक दाबून लिव्हर डी-आर असा बदलायचा, दुसऱ्याने बाजूने इंजिन बघायचे. ते जोरात उसळत असेल तर 'धप्प' आवाज माउंटिंगच्या फाटलेल्या रबराचा आहे. लिव्हर पी-मधून निघतच नसेल तर आधी ब्रेक लाइट पेटतो का ते बघा. तो पेटत नसेल तर दोष ब्रेकच्या स्विचात किंवा फ्यूजमध्ये आहे.

आता रस्त्यावर. सकाळी थंड इंजिनवरच चाचणी घ्या. विकणाऱ्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. डी किंवा आर टाकल्यावर गाडीने एखाद्या सेकंदात पकड घ्यावी. दोन-तीन सेकंद लागत असतील तर ऑइल कमी आहे, नाहीतर आतली सीले कडक झाली आहेत. आरपीएम वाढते पण वेग वाढत नाही, ही घसरण. ४० ते ७० किलोमीटरच्या वेगात, हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथरली तर अ‍ॅक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला निसटता स्पर्श करा. थरथर लगेच थांबली तर ती टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचची, म्हणजे वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचची. न थांबता चढावर वाढत गेली तर स्पार्क प्लग आणि कॉइल बघा. मागे वाहन नसलेल्या मोकळ्या रस्त्यावरच हे करावे. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहिली, तर कंट्रोलरने तिला सुरक्षित अवस्थेत टाकले आहे. इंजिन पुन्हा पुन्हा बंद-चालू करून ती 'बरी' होत नाही.

स्कॅनर लावताना तो गिअरबॉक्सचे मॉड्यूल (म्हणजे कंट्रोलर) वाचतो का, हे विचारा. स्वस्त ब्लूटूथवाले बहुतेक फक्त इंजिन वाचतात आणि पी ०७०० एवढेच दाखवतात. त्याचा अर्थ 'गिअरबॉक्सच्या मॉड्यूलला काही सांगायचे आहे', इतकाच. खरा कोड त्याच्या पोटात असतो. पी ०७१५ आणि पी ०७२० हे वेगाच्या सेन्सरचे, पी ०७०५ लिव्हरची जागा सांगणाऱ्या स्विचचा, पी ०७५० पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडचा (गिअर बदलण्यासाठी ऑइल सोडणाऱ्या विजेच्या वॉल्व्हचा), पी ०७४१ लॉक-अपचा. यातले सेन्सर, स्विच आणि त्यांचे वायरिंग गिअरबॉक्स न उघडता तपासता येते. पी ०७३० म्हणजे गिअरचे गुणोत्तर जुळत नाही. तो काळ्या ऑइलबरोबर आला तर मात्र काम मोठे.

एएमटीत इग्निशन दिल्यावर येणारा पंपाचा 'घूं' ऐका. उभ्या गाडीत पंप दर काही सेकंदांनी चालू होत असेल तर अ‍ॅक्युम्युलेटर (पंपाचा दाब साठवून ठेवणारा भाग) दाब धरत नाही किंवा अ‍ॅक्च्युएटरमध्ये गळती आहे. खंबाटकीच्या चढावर कोंडीत अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणाऱ्यांचे क्लच लवकर जातात. नवा क्लच बसवल्यावर स्कॅनरवरून त्याचे कॅलिब्रेशन (क्लच कुठे पकडतो हे कंट्रोलरला शिकवणे) करावेच लागते. ते न केल्याने गाडी हिसके देते आणि मालकाला वाटते पार्ट नकली आहे. २००३ ते २००८ दरम्यानच्या सिटी सीव्हीटीत निघताना जाणवणारी थरथर बहुधा स्टार्ट क्लचची असते. एचएमएमएफ बदलून कॅलिब्रेशन केले की ती बऱ्याचदा जाते. कोरड्या क्लचच्या डीएसजीत मेकाट्रॉनिकमधल्या (क्लच आणि गिअर चालवणाऱ्या कंट्रोल युनिटमधल्या) अ‍ॅक्युम्युलेटरजवळचा भाग तडकून दाब जाणे हा माहितीतला दोष आहे. तिथे साधा मेकॅनिक नको.

पुरातल्या गाड्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. गिअरबॉक्सला वर हवा जाण्याचे छिद्र असते. गाडी पाण्यात उभी राहिली की तापलेला गिअरबॉक्स थंड होताना तिथून पाणी ओढतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या हातभर भागावर चिखलाची रेघ आहे का ते बघावे. धुलाईवाले तिथपर्यंत सहसा पोहोचत नाहीत.

उघडायची वेळ आलीच, तर आधी वॉल्व्ह बॉडी (ऑइलच्या वाटा ठरवणारा भाग) आणि सोलेनॉइडचे वेगळे अंदाजपत्रक मागा. कुर्ल्याच्या बाजारातला जुना गिअरबॉक्स घ्यायचा असेल तर त्यावरच्या पट्टीचा कोड आणि कंट्रोलर जुळवून घ्या. ओव्हरहॉलमध्ये टॉर्क कन्व्हर्टर उघडून साफ करणे किंवा बदलणे आणि कूलर धुणे किंवा बदलणे लिहून घ्या. नाहीतर तिथली धातूची भुकटी नव्या क्लचमध्ये जाते. पुढची चाके ओढणारी ऑटोमॅटिक बंद पडली तर तिला दोरीने ओढू नये, फ्लॅटबेडवरच न्यावी: इंजिन बंद असताना पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात.

आपल्या छोट्या जाहिरातींत 'ऑटोमॅटिक' या शब्दापुढे गिअरबॉक्सचा प्रकार, शेवटच्या ऑइल बदलाचे किलोमीटर आणि ऑइलचे नाव देण्याची अट आपण घालावी, अशी विनंती आहे. जाहिरातीत त्याने एखादी ओळ वाढेल.

आपले,
ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे काम करणारे काही मेकॅनिक, पुणे